खाटेची नाडी

"नाडी लागतेय म्हटल्यावर पट्टी कापायची कशाला, सर?"

निशिकांत खरमाटेच्या आवाजाला धार होती. हाताने हाडं-सांधे पारखून इलाज करायची, म्हणजे ऑस्टिओपॅथीची विद्या शिकवणारं ते कॉलेज नवंकोरं. भिंतींचा रंग अजून हाताला लागायचा. निशिकांत पहिल्याच तुकडीचा, आणि आजवरच्या प्रत्येक परीक्षेत पहिला.

खाटेवर वासू रहाटे. माडावर चढून नारळ पाडणं हा त्याचा धंदा. सकाळी घसरला आणि नडगी मोडून बसला. हाड निशिकांतने बसवलं, फळ्या लावून पट्टीही त्यानेच आवळली. काम असं देखणं झालं होतं की बरोबरीची पोरं येऊन बघून गेली. आता पट्टी कापली की हाड हलणार. पहिलीच भवानी फुकट!

"डॉक्टर, बोटं माझी नाहीतच असं वाटतंय हो," वासू कण्हत म्हणाला. "पाय गेला तर माडावर काय हातांनी चढू?"

"सूज आहे, वाटणारच. गप पड बघू."

अत्तारसर खाटेशी वाकले. सत्तरी उलटलेला माणूस. अर्धं आयुष्य गावोगाव हाडं बसवण्यात गेलं, डॉक्टरकीची पदवी मागाहून आली. त्यांनी वासूच्या पायाचं नख दाबलं, सोडलं.

नख पांढरंच राहिलं, रक्त परतलं नाही.

"कात्री," सर म्हणाले.

"पण सर, नाडी आहे ना!"

"मोज."

निशिकांतने पावलाच्या पाठीवर अंगठा रोवला. नजर घड्याळावर.

"एकशे चार. ठणठणीत."

"तुझी खात्री?"

"वर्षभर नाड्याच मोजतोय, सर."

"बरं... आता खाटेची मोज."

"कुणाची?"

"खाटेची. हाच अंगठा, एवढाच दाब. लवकर."

तशा कळांतही वासूला हसू फुटलं. "बघा बघा, तिचंही वय झालंय."

निशिकांतचे कान तापले. रोग्यासमोर चेष्टा! पण सर हसत नव्हते. त्याने खाटेच्या लोखंडी दांड्यावर अंगठा दाबला.

गार लोखंड. दुसरं काय असणार?

मग...

ठक. ठक. ठक.

त्याने अंगठा झटकन उचलला. पुन्हा टेकवला.

"लागते?"

"...लागते."

"किती?"

निशिकांतने मोजलं नाही. मोजायची गरजच उरली नव्हती. ठोके त्याच्याच अंगठ्यातले होते. आत्ताचेही, आणि मघाचेही.

सरांनी कात्री पुढे धरली. ती त्याने हिसकावलीच म्हणा ना. सकाळी ज्या पट्टीचा एकेक वेढा मापून घातला होता, ती आता तो वेडीवाकडी कापत सुटला. फळ्या बाजूला झाल्या. पाऊल अजून ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं.

दोघांचीही नजर नखांवर.

एक मिनिट गेलं... दुसरं गेलं...

"ए आई गं!" वासू किंचाळला. "मुंग्या! मेलो, मेलो!"

एवढी गोड किंकाळी निशिकांतने जन्मात ऐकली नव्हती. नखांवर गुलाबी रंग चढत होता. करंगळी हलली. मग सगळीच बोटं.

नडगीचं हाड मात्र सरकलं होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

निशिकांत गुडघ्यांवर बसला. या खेपेला अंगठा नाही. तीन बोटं, अलगद. खूप वेळ काहीच नाही. मग काहीतरी... पुसट.

"लागतेय, सर." त्याने वर पाहिलं. "पण ही याची, की माझीच... कसं कळायचं?"

अत्तारसरांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली.

"नाही कळायचं," ते म्हणाले. "हात काढू नकोस."