हौसाने देव उचलला

तुमच्या आजोबांचे आजोबा उघडेनागडे नदीत उड्या मारत होते, तेव्हाची ही गोष्ट. घोरणी नदीवर तेव्हा पूल नव्हता. होती फक्त हौसा भोईणीची होडी. हौसा तोंडाची फाटकी. ती शिव्या देऊ लागली की खाडीची भरतीसुद्धा घटकाभर थबकायची, असं म्हणतात.

नदीच्या वरच्या अंगाला वरची वाडी, खाली खाडीच्या तोंडाशी भोईवाडी. पाऊस सरला की दोन्ही वाड्या मिळून नदीवर बांध घालायच्या. दगड, माती आणि झाडाचा टहाळा, बस्स. अडलेल्या पाण्यावर उन्हाळ्यात वरची वाडी जगायची, आणि बांध पाझरायचा म्हणून भोईवाडीलाही गोडं पाणी पोचायचं. मृग लागायच्या आधी तोच बांध सगळे मिळून फोडायचे. नदी अडवायची ती पुन्हा सोडायच्या बोलीवर, अशी रीत होती.

मग वरच्या वाडीतले जाणते कंटाळले. जाणते म्हणजे पारावर बसून पान चघळणारे. दरवर्षी दगड कोण वाहणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः एकही दगड कधी वाहिला नव्हता, पण दमले तेच. त्यांचा पुढारी गणोबा खोत. त्याने चुन्यात दगडी भिंत बांधून घेतली.

खोटं कशाला बोलू, भिंतीने दिलं. वरच्या वाडीत उन्हाळी पिकाचा वायंगणी भात उभा राहिला, वैशाखात काकड्या लागल्या, बायकांची डोक्यावर हंडे घेऊन होणारी पायपीट थांबली. हे हौसासुद्धा कबूल करायची.

पण मृगात कोणीतरी भिंत उघडा म्हणणारच, हे खोताला ठाऊक होतं. म्हणून त्याने भिंतीच्या मध्यात एक भला थोरला दगड बसवला, त्याला शेंदूर फासला, कोंबडा कापला आणि त्याला पाणदेव म्हटलं. हा दगड बसवायला बारा गडी लागले होते. आता देव कोण उपटणार? पाणी अडवायला चुना लागतो, माणसं अडवायला शेंदूर पुरतो.

मृगात चढणीचे मासे आले. हे मासे खाडीतून निघतात आणि अंडी घालायला थेट डोंगरातल्या डोहांपर्यंत चढतात. त्या वर्षी ते भिंतीवर डोकी आपटून पायथ्याशी साचले. वरच्या वाडीने टोपल्या भरल्या. "देव पावला!" म्हणत घरोघर गाबोळी तळली. पोटातल्या अंड्यांसकट पुढची सगळी वर्षं खाल्ली. दुसऱ्या मृगात मासे निम्मे आले. पुढे टोपलीचा तळ झाकेना.

गाळ भिंतीमागे अडला, तशी भोईवाडीची काठावरची मळीची जमीन धुपली. उन्हाळ्यात वरून थेंब येईना, म्हणून खाडी नदीत शिरली आणि विहीर खारट झाली. तान्ही पोरं पाणी थुंकू लागली. घरं उठू लागली. वर साचल्या पाण्यात डास झाले, वाडी तापाने फणफणली. जाणत्यांनी काय केलं? देवाला आणखी एक कोंबडा दिला.

एका मृगात नदीला तांबडं पाणी आलं आणि हौसा भिंतीवर येऊन उभी राहिली.

"गणोबा, देव बाजूला घे. मला वाट हवी."

"हौसाकाकी, देवाला हात लावलास तर निर्वंश होशील."

"वंश तू आधीच उठवलास. खाली तीन चुली राहिल्यात. माझ्या होडीत ओकायचास लहानपणी, तेव्हाच बुडवायला हवा होता तुला."

"भिंत गावाच्या भल्याची आहे."

"कुठल्या गावाच्या? खालचं काय गाव नव्हे? भिंत पाड म्हणते का मी? मधून वाट दे. पावसात नदी सोड, उन्हाळ्यात धार सोड."

मागून एक जाणता खिदळला, "म्हातारे, माशांना आता जिना बांधू?"

"बांध की! तुझ्या माडीला आहे ना जिना? त्यावर चढून तू अंडी तरी घालतोस का?"

खोताच्या सुनासुद्धा पदराआड हसल्या.

हौसाने पाणदेवाला मिठी मारली. "तू पाण्याचा ना रे? मग चल पाण्यात." आणि बारा गड्यांचा तो दगड तिने मूल घ्यावं तसा कडेवर घेतला, असं म्हणतात. दगडाच्या जागी भिंतीला खिंड पडली आणि पाणी तिच्यातून उसळलं. सगळी भिंत कोसळून खालची घरं वाहून जाऊ नयेत म्हणून हौसा खिंडीतच पाय रोवून उभी राहिली, एक खांदा या बाजूला, एक त्या बाजूला. मग मासे आले. तिच्या पायांवरून, कमरेवरून, खांद्यांवरून चढत गेले. दिवेलागणीपर्यंत रांग तुटली नाही. पाणी उतरलं तेव्हा हौसा नव्हती आणि देवही नव्हता.

देवाने तिला शिक्षा केली, असं म्हणतात. म्हणणारे पारावरचेच. भोईवाडी म्हणते, ती माशांच्या पुढे वाट दाखवत गेली.

खोताने खिंड बुजवायला घेतली. चुना काही धरेना. शेवटी त्याच्या घरच्या सुनांनीच दगड वाहायला नकार दिला, तेव्हा खोताने नाद सोडला.

त्या खिंडीत आता लाकडी फळ्या बसवतात. सगळ्यात खालची फळी बसवतच नाहीत, ती हौसाची धार. तिच्यामुळे भोईवाडीची विहीर आजही गोडी आहे. मृगाच्या तोंडावर हौसाचं उघडणं असतं. वरच्या वाडीतला सगळ्यात मानाचा म्हातारा कमरेइतक्या पाण्यात उतरून आपल्या हाताने फळ्या काढतो. काठावर दोन्ही वाड्यांची पोरंपोरी त्याला नाव घेऊन शिव्या देतात. त्याने उलट बोलायचं नाही. गेल्या खेपेला सरपंचाने आपल्या जागी गडी पाठवला. आम्ही गड्याला चहा पाजला आणि सरपंचाला घरातून आणला.

आता वर डोंगरात मोठं धरण घालणार म्हणे. शहराला पाणी हवं, वीज हवी. हवीच. पारावरच्यांनी तर नारळही वाढवून टाकला. यंदा उघडण्याच्या दिवशीच साहेब पाहणीला आले. त्यांनाही मानाने पाण्यात उतरवलं. मग भोईवाडीच्या एका पोरीने विचारलं, "साहेब, तुमच्या धरणाची फळी कुठून निघणार?"

साहेबांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. बोट कुठेच टेकेना. तेव्हा आम्ही सुरुवात केली, साहेबांचं पूर्ण नाव घेऊन.