उलटा चढलेला घेवडा

केवळनाथ महाराज त्या वर्षी नदीकाठच्या वडतळी गावी, देवळाच्या ओवरीत उतरले होते. मार्गशीर्षातला सप्ताह चालू होता. काल्याच्या दिवशी देवाच्या पानात एकेका घराने एकेक पदार्थ वाढायचा, अशी तिथली रीत. त्या वर्षी घेवड्याची भाजी प्रथमच तान्हुबाईकडे आली. मोलमजुरी करणारी बाई. शेत नाही, पण झोपडीमागे हातभर परस होते. तिथे चार बांबू रोवून तिने घेवड्याचे वेल चढवले. कोवळ्या शेंगा लागल्या. आपल्या हातचे देवाच्या पानात पडणार, या आनंदात ती होती.

काल्याच्या आदल्या सकाळी दाजीशास्त्री तिच्या कुंपणापाशी थांबले. माणूस विद्वान, पण ताठा फार.

“अगं, हे वेल उलटे चढलेत! देवाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालतात. हे बांबूला डावीकडे ठेवून फिरताहेत!”

“म्या काय शिकवाया गेले न्हाई, शास्त्रीबुवा. ते आपल्या मनानं चढले.”

“असली भाजी देवाच्या पानात चालायची नाही!”

असे म्हणून शास्त्र्यांनी चारही वेल स्वतः उलगडले, उजवीकडून फिरवले आणि सुतळीने करकचून बांधले. वेल सुलटे झाले. शेंडे मोडले आणि शेंगा मातीत पडल्या.

तान्हुबाई त्या शेंगा ओटीत घेऊन ओवरीत आली. “म्हाराज, उद्या पानात माझी जागा रिकामीच ऱ्हाणार,” म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

महाराजांनी आपल्या तांब्यातले पाणी तिला दिले. “बुडाशी घाल. सकाळी टोपली घेऊन जा. शास्त्र्यांनाही ने.”

सकाळी शास्त्री हसतच आले. बघतात तो सुतळीच्या गाठी जशाच्या तशा, एकही सुटलेली नाही. आणि वेढ्यात वेल नाही! चारही वेल बाहेर पडून आपल्या जुन्याच वाटेने बांबूंच्या टोकापर्यंत गेलेले. शेंगा इतक्या, की टोपली भरल्यावर पदर पुढे करावा लागला. काय ही सत्ता! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. येथे दोरी रिकामी राहिली.

तरी देवळात आल्यावर शास्त्री पुटपुटलेच, “पण महाराज, वेल अजून उलटेच आहेत.”

महाराजांनी तान्हुबाईला विचारले, “बाई, लेकरू कोणत्या कडेवर घेतेस?”

“डाव्या, म्हाराज. उजवा हात कामाला लागतो की.”

महाराज म्हणाले, “शास्त्रीबुवा, तुम्ही देवाला मान देता, म्हणून उजवीकडे ठेवता. वेलाने बांबूला लेकरासारखे धरले आहे. आता याला उलटे म्हणायचे का, ते तुम्ही सांगा.”

दुपारी पाने मांडली तेव्हा शास्त्र्यांनी स्वतः पळी तान्हुबाईच्या हाती दिली आणि देवाला भाजी तिलाच वाढू दिली. मग त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

“उठा,” महाराज म्हणाले. “बांबू तिचे आहेत. तुमच्या सुतळ्या तेवढ्या सोडून आणा.”

शास्त्री गेले. गाठी त्यांनीच करकचून मारलेल्या. सोडता सोडता दिवस मावळला.