बिनलगामाचा घोडा

फार पूर्वी, चांदीच्या चकत्यांवर घण घालून नाणी पाडत, तेव्हाची ही गोष्ट. एका पेठेत एक पारखी राहायचा. कुठलं नाणं खरं आणि कुठलं खोटं, हे सांगणं त्याचं काम. बाप पारखी, आजाही पारखी. आमच्या घराण्याचा शब्द आजवर मागे घ्यावा लागलेला नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

त्याच्याकडे मखमलीच्या डबीत एक रुपया असायचा. राजाने नवा लोखंडी ठसा कोरून घेतला, त्या ठशातून निघालेला हा अगदी पहिला रुपया. त्यावर धावता घोडा, घोड्याच्या तोंडात बारीकसा लगाम, खाली राजाचं नाव. हा झाला नमुना. कुणी शंकेचं नाणं आणलं की पारखी ते नमुन्याशेजारी ठेवायचा. जुळलं तर खरं, नाही जुळलं तर खोटं. विषय संपला.

पेठेचा कायदा मात्र कडक होता. खोटं नाणं वेशीच्या खांबाला खिळ्याने ठोकायचं आणि ते चालवणाऱ्याला दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर काढायचं. पुन्हा आत घ्यायचं नाही. एकदा ठोकलेलं नाणं उपटायचंही नाही.

एके दिवशी सकाळी एक बुरडीण मीठ आणायला दुकानात गेली. तिने दिलेला रुपया दुकानदाराने उलटसुलट करून बघितला आणि तिला थेट पारख्यापुढे आणून उभं केलं. मागोमाग निम्मी पेठ आली. तमाशा बघायला माणसांना वेळ बरा मिळतो.

पारख्याने रुपया नमुन्याशेजारी ठेवला आणि मान हलवली.

"घोड्याला लगाम नाही. आणि ही टापेखालची रेघ बघा, वर उठून आलेली. साच्याचा सांधा आहे हा. नाणं ठशाने पाडलेलंच नाही, ओतलंय कुणीतरी."

"यात्रेत टोपल्या विकल्या, त्याचा आलाय तो," बुरडीण म्हणाली. "गर्दीत कुणी दिला ते कसं सांगू? काका, माझा माणूस अंथरुणावर पडून आहे. त्याला कुशीवर वळवायलाही मीच लागते. मला बाहेर काढलंत तर त्याला पाणी कोण पाजेल?"

पारख्याने सवयीने रुपया दगडावर टाकला. नाद स्वच्छ आला. काट्यात घातला तर वजनही बरोबर भरलं. त्याला जरा चमत्कारिक वाटलं. पण तोंडातून शब्द निघून गेला होता आणि समोर माणसं उभी होती. "खोटा," तो म्हणाला. लगेच कोतवालाने शिपाई बोलावले. पारख्याने रीतीप्रमाणे स्वतःच्या हाताने तो रुपया खांबाला ठोकला, आणि शिपायांनी बुरडिणीला वेशीपाशी बसवून ठेवलं.

दुपारी पारखी घरी जेवायला बसला. तो स्वच्छ नाद सारखा कानात वाजत होता. खोट्या चांदीचा नाद असा येतो का? नाही येत. मग वजन? तेही बरोबर होतं. पण लगाम नव्हता ना. नव्हताच. मग आपलं चुकलं कुठे? आणि चुकलं नसेल तर हा नाद पाठ का सोडत नाही?

"चटणी का टाकलीत?" बायकोने विचारलं.

"भरड आहे."

"भरडच होणार. पाटा गुळगुळीत झालाय. खाचा पाडायला टाकीवाल्याला बोलवा म्हणून किती दिवस कानीकपाळी ओरडतेय. दगड झाला तरी झिजतोच ना? आणल्या दिवशी होता तसा तो जन्मभर राहील, असं वाटतं का तुम्हाला?"

पारख्याचा हात ताटातच राहिला. तो तसाच उठला.

"अहो, पानावरून उठू नका," बायको म्हणत होती, पण तो आतल्या खोलीत पोचला होता. राजाच्या खजिन्यातून त्याचा पगार मोहोरबंद थैलीतून यायचा. खजिन्यातून आलेलं नाणं काय तपासायचं, म्हणून त्याने ते कधी तपासलेलंच नव्हतं. साऱ्या पेठेची नाणी बघायची आणि घरातली तेवढी सोडायची, अशी त्याची तऱ्हा. त्याने थैल्या फोडल्या, जुन्यापासून नव्यापर्यंत रुपये जमिनीवर ओळीने मांडले आणि भिंग घेऊन त्यांच्यावर वाकला.

जुन्या रुपयावर लगाम होता. पुढच्यावर तो फिका होता. त्याच्या पुढच्यावर अर्धाच उरला होता, आणि राजाच्या नावाची अक्षरं जाड, सुजल्यासारखी झाली होती. शेवटच्या थैलीतल्या रुपयांवर लगाम नावालाही नव्हता. घोडा तोच, शेपटीचा झुपका तोच, पण घणाचे घाव सोसून सोसून ठसा झिजला होता. आणि टापेखाली ती रेघ होती. आधीच्या थैलीत जेमतेम दिसणारी, शेवटच्या थैलीत चांगली लांब. रेघ दर थैलीगणिक वाढत गेली होती.

आता सगळं उघड झालं. तो साच्याचा सांधा नव्हताच. ठशाला तडा गेला होता. त्या भेगेत चांदी शिरायची आणि नाण्यावर उठून दिसायची. बुरडिणीच्या रुपयावरची रेघ तर टापेपासून थेट काठापर्यंत गेलेली. म्हणजे तिचा रुपया याच ठशाचा, फक्त आणखी उशिरा पाडलेला. राजाच्याच टाकसाळीतला, शंभर नंबरी खरा.

बाहेर उन्हं कलली होती. त्याने रुपये धोतराच्या ओच्यात भरले आणि अनवाणीच वेशीकडे धाव घेतली. रस्ता रोजचाच, पण आज तो संपता संपत नव्हता. वेशीचं दार तिच्या पाठीमागे लागलं तर, एवढाच एक विचार त्याच्या डोक्यात होता.

वेशीपाशी शिपायांनी बुरडिणीला उठवलं होतं. ती रडत नव्हती. घराच्या दिशेने बघत नुसती उभी होती. पारख्याने कोतवालाला बाजूला घेतलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

कोतवाल चपापला. मग हळू आवाजात म्हणाला, "पारखीबुवा, एकदा ठोकलेलं नाणं उपटलंत तर उद्यापासून तुमचं कोण ऐकेल? आणि माझं? घराण्याचं नाव मातीत घालू नका. तिला शेजारच्या गावात झोपडी बांधून देऊ. नवऱ्यालाही गाडीत घालून पोचवू. तुम्ही फक्त गप्प राहा. झालंच तर तिचं भलंच होईल."

आता खरं सांगायचं तर पारख्याला हे पटलं. क्षणभर अगदी मनापासून पटलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बापाचं नाव राहत होतं, तागडी राहत होती, आणि पेठेत मान वर करून चालता येत होतं. "बरं" हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता.

तेवढ्यात बुरडीण जवळ आली आणि म्हणाली, "काका, मी जाते. पण शेजारणीला एक निरोप द्याल? त्याला रात्री उजव्या कुशीवर ठेवू नका म्हणावं. त्याला धाप लागते."

पारख्याला फार लाज वाटली. तो खांबाकडे वळला आणि त्याने खिळ्याला हात घातला. खिळा निघेना. बोटं सोलली तरी त्याने सोडला नाही. शेवटी एका लोहाराने पुढे होऊन पकड दिली, तेव्हा तो निघाला.

"हा रुपया खरा आहे," पारखी मोठ्याने म्हणाला. "खोटा मी ठरलो. ठसा झिजत होता आणि मी त्याच्या पहिल्या दिवसाचंच नाणं कवटाळून बसलो होतो." त्याने ओच्यातले रुपये ओळीने मांडले. माणसं वाकून बघू लागली. कुणी कुणी आपल्याच कनवटीचे रुपये काढले, आणि त्यांतही बिनलगामाचे घोडे निघाले. आज ती उभी होती तिथे उद्या आपण उभे असतो, हे त्यांना कळलं.

बुरडिणीला सोडून दिलं. पारख्याने भोक पडलेला रुपया ठेवून घेतला आणि आपल्या थैलीतला तिच्या हातावर ठेवला. आता पारख करणार नाही, तागडी घरून घेऊन जा, असं कोतवालाला सांगितलं. मनावरचं ओझं उतरलं असं त्याला वाटलं, आणि तो घरी जायला निघाला.

पण बुरडीण अजून खांबापाशीच थांबली होती. तिने वरच्या एका नाण्यावर बोट ठेवलं.

"काका, यावरही तीच रेघ आहे. हा कुणाचा होता?"

पारख्याने पाहिलं. लगाम नव्हता. टापेखाली रेघ होती. तो रुपया एका कोष्ट्याचा होता. मागच्या थंडीत त्याला असंच वेशीबाहेर काढलं होतं. आपण खरं बोलतोय असं तोही शपथेवर सांगत होता. तो कुठे गेला, जगला की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पारख्याने पकड परत मागून घेतली, तोही खिळा उपटला आणि रुपया मुठीत घट्ट धरला. दिवस बुडत आला होता. शिपाई दार ओढत होते. तो दारातून बाहेर पडला, आणि कोष्टी ज्या वाटेने गेला होता त्या वाटेला लागला.

तात्पर्य काय, तर चूक कळली की त्याच पावली सुधारावी, पण कुणाला खोटं ठरवण्याआधी आपलं मोजमाप तपासून बघावं. कारण आपल्या चुकीची शिक्षा भोगणारी सगळीच माणसं आपण माफी मागेपर्यंत वेशीपाशी थांबलेली नसतात.