खोपटाचा वेगळा उंबरा

फार जुनी गोष्ट. राज्यांना सीमा होत्या, पण वाटांना अजून नावे नव्हती, तेव्हाची. एका गावात एक रंगारी आणि त्याची बायको राहत होती.

त्या गावचा एक रिवाज होता. राहत्या घरात धंदा केला आणि गिऱ्हाइकाचे नुकसान झाले, तर भरपाईत घरदारही जाई. धंद्याला वेगळे खोपट, वेगळा उंबरा असेल आणि तशी दवंडी पिटली असेल, तर मात्र खोपटात असेल तेवढेच जाई. अट एकच. घरची वस्तू खोपटात नको, खोपटातली घरात नको.

रंगाऱ्याला हे खूळ वाटे. "धंदा आपला, घर आपलं. मध्ये उंबरा कशाला?"

"रंग कधी दगा देईल सांगता येत नाही," बायको म्हणाली. "घर आणि गाय तरी राहू द्या."

तिने खोपट बांधून घेतले, दवंडी पिटवली. रंगाऱ्याच्या डोक्याला मात्र ताप झाला. भट्टीला घरच्या चुलीतला विस्तवही चालेना, गारगोट्या घासत बसावे लागे. एकदा बारशासाठी त्याने खोपटातले तांब्याचे पातेले घरी आणले. बायकोने त्याला आल्या पावली परत पाठवले. तो दिवसभर फुगून बसला.

पुढे एका व्यापाऱ्याने लेकीच्या लग्नाचे फेटे रंगवायला दिले. रंग पक्का करणारी तुरटी हिणकस निघाली. भर वरातीत घामाने रंग गळाला आणि नवरदेवासकट सारे वऱ्हाड लालेलाल झाले.

व्यापारी पंचांना घेऊनच आला. "मला हे घर हवं, गायही हवी."

रंगाऱ्याच्या तोंडचे पाणी पळाले. पंचांनी घर धुंडाळले. खोपटातली वाटीसुद्धा सापडली नाही. खोपटातही घरची साधी पळी नव्हती.

"दवंडी तुम्हीही ऐकली होती, शेठ," म्हातारे पंच म्हणाले. "खोपटातलं न्या. घराला हात लावता येणार नाही."

व्यापारी कुरकुरत पातेली, कढया गाडीत घालून निघून गेला. रंगारी थेट गोठ्यात गेला. गाईच्या गळ्यात पडून तो आधी रडला, मग हसला. छातीवरचा धोंडा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या बदल्यात त्याने कुंभाराकडून एक मडके आणले.

"यात ताक करू?" बायकोने मुद्दाम विचारले.

"छे, ते खोपटाचं आहे," रंगारी म्हणाला आणि गारगोट्या शोधू लागला.

तात्पर्य : धंद्यात खुशाल उतरावे, पण त्याचा उंबरा घराच्या उंबऱ्यापासून वेगळा ठेवावा, चारचौघांना सांगून ठेवावा आणि स्वतःही पाळावा.