कुंभाराचा आंबा आणि वाकडी चिंच

नदीकाठच्या एका गावात एक कुंभार राहायचा. त्याची मडकी चांगली होतीच, पण कुणी आलं की तो आधी अंगणातला आंबा दाखवायचा. आणि काय तो आंबा! सरळसोट बुंधा, हिरवागार पसारा, अख्ख्या आळीला पुरेल एवढी सावली. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक चिंच होती. कमरेत वाकलेली, अंगभर गाठी. ती कुणाला दाखवण्याजोगी नव्हती.

पाऊस सरला, आश्विन तोंडावर आला. यंदा पहिला भोंडला कुंभाराच्या अंगणात ठरला होता. त्याच्या लेकीनं आळीतल्या झाडून सगळ्या पोरींना आवतण दिलं होतं. एवढ्या पोरी फेर धरणार, तर पडायला आलेलं झाड आधीच काढलेलं बरं, असा शहाणा विचार करून कुंभार कुऱ्हाडीला धार लावायला बसला. विचार खरंच शहाणा होता. फक्त त्यानं निवडली चिंच.

तेवढ्यात एक म्हातारी घट बसवण्यासाठी मडकं घ्यायला आली. ही म्हातारी म्हणजे गिऱ्हाईक कसलं, परीक्षाच! दहा मडकी वाजवून बघायची, तेव्हा कुठे अकरावं घ्यायची.

“कुऱ्हाड कुणासाठी रं?” तिनं विचारलं.

“त्या वाकड्या चिंचंसाठी, मावशी. उद्या पोरी खेळायच्या. अंगावर पडली म्हंजे?”

म्हातारीनं कुऱ्हाड उचलली आणि तिचा दांडा चिंचेवर आपटला. टक्क! दगडावर मारावं तसा आवाज आला.

“माझ्या सासूच्या वेळेपास्नं ही अशीच वाकलीय. पर हाय घट्ट,” ती म्हणाली. मग सवयीनं आंब्याकडे वळली. ढब! ढब! झाड ढोलासारखं वाजलं.

“आरं, मडकं पोकळ चालतं, झाड पोकळ चालत न्हाई!”

कुंभाराला राग आला. “पानं तर बघा मावशी, कशी हिरवीगार हायेत!”

“पानं समदेच बघत्यात. तू बुडाशी बघ.”

कुंभार नाइलाजानं वाकला. बुडाला अळंबी उगवली होती, कुजक्या लाकडावर उगवते तशी. तीच तो पावसाळाभर पाहुण्यांना कौतुकानं दाखवत आला होता. एका बाजूची माती वर उचलून भेगाळली होती, आणि त्याच बाजूला त्याची भट्टी होती. सावली मिळते म्हणून वर्षानुवर्षं तो झाडाला खेटून मडकी भाजायचा. मडक्यांबरोबर मुळंही भाजत गेली, हे त्याच्या गावीही नव्हतं.

म्हातारी मडकं घेऊन गेली. कुंभार मात्र तिथंच बसून राहिला. ऐन सणात आंबा तोडला तर लोक नावं ठेवतील. शिवाय एवढी वर्षं उभा आहे, अजून चार दिवस नाही का उभा राहणार? मनाची समजूत घालायला माणसाला वेळ लागत नाही.

इतक्यात लेक हत्तीचं चित्र काढलेला पाट घेऊन नाचत आली. “आबा, उद्या हा पाट आंब्याखालीच मांडू ना? आमी समद्या त्याच्याभवती फेर धरणार!”

कुंभारानं हो म्हणायला तोंड उघडलं, पण त्याची नजर बुडाजवळच्या भेगाळलेल्या मातीवर गेली.

“न्हाई गं बाय,” तो म्हणाला. “चिंचंखाली मांड.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच आळीतल्या माणसांनी आंब्याला दोर बांधले. तिसऱ्याच घावाला तो कडाडून आडवा झाला. आत नुसता भुसा होता. सालीलगत चार बोटं लाकूड तेवढं उरलं होतं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. कुंभाराला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. “म्याच भाजला रं तुला,” तो बुंध्यावर हात फिरवत म्हणाला.

संध्याकाळी चिंचेखाली भोंडला असा रंगला की विचारू नका. पोरी गाऊन गाऊन घसे बसवून घेतायत, म्हातारी त्यांच्याही वरच्या पट्टीत गातेय, आणि खिरापत काय आहे हे काही केल्या कुणाला ओळखता येत नाहीये! शेवटी करंज्यांचा डबा उघडला आणि एकच गलका झाला.

दिवे लागायच्या वेळी पोरी आपापल्या घरी निघाल्या. कुंभार फाटकाशी उभा राहून एकेक डोकं मोजत होता. सतरा आल्या होत्या. सतराही जणी उड्या मारत घरी गेल्या.

तात्पर्य काय, तर ज्या झाडाच्या सावलीत लेकरं खेळतात, ते आधी बुडापासून तपासावं. हिरवा शेंडा आणि सरळ बुंधा बघून भुलू नये.