घुंगरं बांधलेली कणसं

एका गावात एक गेनबा होता. गावात बाकीही माणसं होती, पण त्यातल्या एकावरही गेनबाचा विश्वास नव्हता. कुणी रामराम घातला, तर हा आधी खिसा चाचपायचा, मग रामराम करायचा. हसू नका. असा एक तुमच्याही आळीत असेल. नसेल, तर तुम्हीच असाल.

गेनबाच्या परसात कोबी होता. घरची चूल त्या कोबीवरच चालायची. एका वर्षी कोबीवर अळ्या पडल्या आणि पानांची चाळण व्हायला लागली.

शेजारच्या हौसामावशी कुंपणावरून म्हणाल्या, "गेनबा, जोंधळ्याच्या कणसांची जुडी टांग परसात, खापरात पाणी ठेव. दाण्यापायी पाखरं येतील, अळ्याही टिपतील."

ही बाई फुकटात शहाणपण का वाटते? नक्की काहीतरी काळंबेरं, असं गेनबाला वाटलं. तरी कणसं टांगली. पण पाखरांचा तरी काय भरवसा? दाणे खाऊन भुर्रकन गेली तर? त्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगरं सोडली आणि कणसांना बांधली. चिमणी बसली की घुंगरू वाजे. घुंगरू वाजलं की गेनबा काठी घेऊन बाहेर. "आधी अळ्या! मग दाणा!"

बायको ठकूबाई म्हणाली, "अहो, पाखरांना जेवायला बोलावलंय की चौकीत?"

"तू गप. तूही त्यांना सामील दिसतेस."

आठ दिवस झाले. एक पाखरू फिरकेना. हौसामावशींच्या परसात मात्र नुसता चिवचिवाट. गेनबाची खात्रीच पटली, म्हातारीनं आपली पाखरं फितवली! फाटका सदरा घालून, डोक्यावर मडकं पालथं घालून हा पठ्ठ्या तिच्या कोबीत हात पसरून बुजगावणं होऊन उभा राहिला.

एक साळुंकी आली ती थेट त्याच्या हातावर बसली. खाली उतरून तिनं तीन अळ्या गिळल्या, दोन दाणे टिपले, परत अळ्यांकडे वळली. तिच्यावर कुणी ओरडत नव्हतं.

तेवढ्यात मावशी आल्या. बुजगावण्याकडे नीट बघून मोठ्यानं म्हणाल्या, "सूनबाई, काडेपेटी आण गं! ह्या बुजगावण्याला पाखरं भीत नाहीत. पेटवून पाणी तरी तापवू."

बुजगावणं कुंपणावरून उडी मारून पळालं.

घरी येऊन गेनबा घाईघाईनं घुंगरं सोडायला गेला, तर कोबीचे नुसते दांडे उभे. कणसं मात्र जशीच्या तशी. ठकूबाईनं तीच दळली, भाकरी थापली आणि ताट पुढं सरकवलं. "घ्या. एक दाणा पाखरांनी नेला नाही."

"आणि भाजी?"

"भाजी अळ्यांनी खाल्ली. त्यांना कुठं घुंगरू बांधलं होतंत?"

तात्पर्य: मदतीला बोलावलेल्याच्या घासावर पहारा ठेवू नये. घास वाचतो, घर बुडतं.