पहारेकरी आणि जयदीपचं हसू

एका संगणकाच्या पोटात एक पहारेकरी राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. चोरून नक्कल केलेली प्रणाली कुणी वापरू नये, म्हणून कंपनीने त्याला तिथे बसवलं होतं. मदरबोर्ड बघून तो घर ओळखायचा.

एकदा वीज कडाडली आणि मदरबोर्ड जळाला. मेकॅनिकने नवा बसवला, तर पहारेकऱ्याने पडदाच काळा केला.

"हे घर माझ्या ओळखीचं नाही. चोर आहात तुम्ही!"

"अरे बाबा, कालचेच आम्ही!" कीबोर्ड चिडला. "हे बटण बघ, आपल्या मालकाच्या, जयदीपच्याच बोटांनी झिजलंय."

"बटणं मी बघत नाही. मालकाला बोलवा."

माउस नुसता इकडून तिकडे घसटत राहिला. जयदीप गेल्यापासून त्याची आई रोज पडद्यासमोर येऊन बसायची. त्याचं हसू आतल्या एका फाइलमध्ये होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"त्याला बोलवता आलं असतं," कीबोर्ड म्हणाला, "तर तुझं दार कशाला ठोठावलं असतं?"

पहारेकऱ्याला ते कळलं नाही.

तेवढ्यात मेकॅनिकने खोचलेला एक पेनड्राइव्ह परवान्याचा खोटा शिक्का मिरवत आला. "रामराम साहेब!" पहारेकऱ्याने शिक्का पाहिला, सलाम ठोकला आणि दार उघडलं. कीबोर्ड रागावला, पण माउस थेट त्या फाइलकडे धावला.

खोलीत जयदीप खदखदून हसला. आईने पदराचा बोळा तोंडात धरला.

"हा आवाज ओळखतो मी!" पहारेकरी खुशीत ओरडला. "आला की नाही मालक? उगाच भांडत होतात."